वाहनखरेदी लांबणीवर टाकणे

वाहनखरेदी लांबणीवर टाकणे : आर्थिक किंवा राजकीय अनिश्चिततेच्या काळात, ऐपत असूनही नवी मोटार वा दुचाकी घेण्याचा निर्णय पुढे ढकलण्याची ग्राहकांची प्रवृत्ती. डाउन पेमेंटचे पैसे बँकेत असतात, मॉडेल ठरलेले असते, टेस्ट ड्राइव्हही झालेली असते. घोडे अडते ते ‘जरा थांबून बघू’पाशी.

शोरूमबाहेर पडताच गाडीची किंमत उतरते आणि हप्ते पाच-सात वर्षे पाठ सोडत नाहीत. थांबायचे तर जुन्या गाडीची क्लच प्लेट, फार तर दोन टायर, एवढ्यावर भागते. त्यामुळे मंदीची झळ किराणा दुकानाच्या कितीतरी आधी वाहनविक्रीला लागते. अमेरिकेत १९२९ साली शेअर बाजार कोसळल्यावर पुढच्या मिळकतीचा अंदाज येईना, म्हणून लोकांनी मोटारींसारख्या टिकाऊ वस्तू घेणे थांबवले, अशी मांडणी अमेरिकी अर्थतज्ज्ञ क्रिस्टिना रोमर यांनी १९९० मध्ये केली.

भारतात २०१९ हे वर्ष यासाठी लक्षात राहिले. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणारी मोठी वित्तसंस्था बुडीत निघाल्याने बिगरबँक वित्तसंस्थांचे कर्ज आटले. त्याच महिन्यापासून नव्या मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागू लागला. त्यात लोकसभा निवडणूक आली, १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ च्या जागी बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे अधिक कडक निकष लागू होणार होते आणि लहान दुचाकी पुढे इलेक्ट्रिकच असाव्यात, असा नीती आयोगाचा प्रस्ताव चर्चेत होता. आज घेतलेली बीएस-४ गाडी उद्या चालेल का, ही शंका रास्तच होती. सरकारने २३ ऑगस्टला अशा गाड्या चालतील असा खुलासा केला खरा, पण त्या महिन्यात प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत ३१.५७ टक्क्यांनी घसरली होती. (हा आकडा कंपन्यांनी डीलरांना पाठवलेल्या गाड्यांचा.) अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तरुणांच्या ओला-उबर वापराकडेही बोट दाखवले आणि त्यांची बरीच टिंगल झाली. ते एक कारण असेलही. पण एका वर्षात एवढी घसरण त्याने होत नाही.

२०२५ मध्ये खरेदी थांबली ती चांगल्या बातमीने. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कपातीचे सूतोवाच केले, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले आणि ते २२ सप्टेंबरपासून लागू झाले. लहान पेट्रोल मोटारींवरचा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे सहा लाखांच्या गाडीमागे सुमारे ५१ हजार रुपये सुटणार होते. कोण कशाला आधी घेईल? २७ ऑगस्टच्या गणेश चतुर्थीला गाडी घरी आणायचा बेत अनेकांनी मोडला. पुढे पितृपक्ष, ज्यात तसेही कोणी नवी गाडी घेत नाही, आणि तो संपताच २२ तारखेला घटस्थापना. कराची तारीख आणि पंचांग इतके क्वचितच जुळते. त्या दिवशी एकट्या मारुती सुझुकीकडे सुमारे ८० हजार चौकशा आल्या. मधले पाच आठवडे मात्र डीलरांना जड गेले : गोदामात जुन्या दराचा माल, त्यावर व्याज आणि भरलेल्या उपकराची वजावट मिळण्याचा मार्ग बंद.

खरेदी अशी लांबते तेव्हा जुनी गाडी ‘अजून एक वर्ष काढते’, त्यामुळे गॅरेजना काम मिळते. मुलाला कॉलेजसाठी लगेच स्कूटर हवी असलेले घर जुन्या बाजाराकडे वळते. मालवाहू टेम्पो किंवा रिक्षावर पोट असलेल्याला मात्र फार थांबता येत नाही. गाडी बंद पडली की त्या दिवसाची कमाईच बुडते.