चंद्रावर अडकून पडणे

चंद्रावर उतरलेल्या माणसांची परतीची वाट बंद होण्याची स्थिती. आजवर ती कोणावर ओढवलेली नाही. चंद्रावर अजून वस्ती नाही. १९६९ ते १९७२ दरम्यान बारा जण तिथे उतरले आणि बाराही परतले. तरी असे झाले तर काय, याचा विचार पहिल्या मोहिमेआधीच झाला होता, आणि तो सगळा एका इंजिनापाशी येऊन थांबे.

अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतल्या अवतरणयानाचा खालचा भाग चंद्रावरच राही. वरचा भाग दोघांना घेऊन कक्षेतल्या मुख्य यानाकडे जाई. या वरच्या भागाला इंजिन एकच. म्हणून त्यात बिघडण्यासारखे काही ठेवलेच नाही म्हणा ना : पंप नाही, ठिणगी नाही. हेलियमच्या दाबाने दोन रसायने एकत्र आली की आपोआप पेट घेत. ते साधारण सात मिनिटे नीट चालले की सुटका.

अपोलो ११ च्या वेळी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर फिरून यानात परतले, तेव्हा यानातच खाली एक मोडके टोक पडलेले दिसले. नेमका याच इंजिनाच्या सर्किट ब्रेकरचा खटका तुटला होता. पाठीवरच्या अवजड संचाचा धक्का लागला असावा. ऑल्ड्रिन यांनी फेल्ट पेनाचे टोक घालून तो आत दाबला. तिकडे वॉशिंग्टनमध्ये भाषणलेखक विल्यम सफायर यांनी १८ जुलै १९६९ रोजीच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी शोकभाषण लिहून ठेवले होते. आधी दोघांच्या पत्नींना फोन, मग भाषण. संपर्क तोडल्यावर धर्मगुरूने समुद्रात दफन करतात तसा विधी करायचा, असा क्रम ठरला होता. कक्षेतल्या मुख्य यानात थांबलेले मायकेल कॉलिन्स एकटेच परतले असते. त्यांच्या यानाला चंद्रावर उतरताच येत नव्हते.

पुढच्या मोहिमांत चांद्रगाडी आली, पण तिच्यावर भिस्त ठेवली नाही. ती बंद पडली तर उरलेल्या ऑक्सिजनवर चालत परतता येईल, तेवढेच लांब जायचे, असा नियम होता. दोन इंधनटाक्यांवर उघड्यावर बसून कक्षा गाठायची, असे एक सुटकावाहनही कागदावर आखले गेले. ते कधी बनले नाही. सोव्हिएत अवतरणयानात मात्र राखीव इंजिनाची सोय होती. तेही माणसाला घेऊन चंद्रावर गेले नाही.

जास्त दिवस तग धरायचा तर खरी अडचण रात्रीची. ती पृथ्वीवरच्या सुमारे चौदा दिवसांएवढी चालते आणि पारा शून्याखाली शंभर अंशांच्याही पुढे उतरतो. भारताचे ‘विक्रम’ आणि ‘प्रज्ञान’ २०२३ मध्ये एक चांद्रदिवस चालले. त्या रात्रीनंतर जागे झाले नाहीत. मातीत वजनाने चाळीस टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन आहे, पण खनिजांत जखडलेला. तो काढायला भट्टी आणि वीज लागते, आणि अडकलेल्याकडे तीच नसते.

कायद्याने मात्र आसरा दिलेला आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार अंतराळवीरांनी एकमेकांना शक्य ती मदत करायची आहे. १९७९ चा चंद्र करार याहून स्पष्ट आहे : संकटातल्या माणसाला आपल्या तळावर आसरा द्यावाच लागेल. अमेरिका, रशिया आणि चीन त्यात नाहीत. भारताने १९८२ मध्ये सही केली, पण करार बंधनकारक करणारे अनुसमर्थन केलेले नाही.