गण (देवांचे पार्षद व भूतगण)

गण म्हणजे देवाच्या दिमतीला असलेला समूह: सेवक, द्वारपाळ, दूत आणि वेळ आली तर सैन्य. नुसते ‘गण’ म्हटले की शिवाचेच गण आठवतात, तरी विष्णूला पार्षद आहेत, कुबेराला यक्ष व गुह्यक, स्कंदाला मातृका, देवीला योगिनी आणि यमाला दूत. जे काम मोठ्या देवाने स्वतः करणे शोभत नाही, ते पुराणांत बहुधा गणाच्या वाट्याला येते. नाशिक-त्र्यंबक परिसरातल्या कथांत तर सेवक धन्याच्याही एक पाऊल पुढे असतो.

ऋग्वेदातला ठळक गण मरुतांचा. हे रुद्राचे पुत्र नेहमी घोळक्यानेच येतात. ‘गणानां त्वा गणपतिं हवामहे’ ही ऋचा आज गणेशपूजेत घरोघर म्हटली जाते, पण दुसऱ्या मंडलातले ते सूक्त मुळात ब्रह्मणस्पती या वैदिक देवतेचे आहे. शिवगणांची खरी चाहूल यजुर्वेदातील शतरुद्रीय या रुद्रस्तुतीत लागते. ‘नमो गणेभ्यो गणपतिभ्यश्च वो नमः’ असा नमस्कार तिथे आहेच. शिवाय चोरांचा अधिपती, सुतार, कुंभार, निषाद, शिकारी, कुत्री आणि कुत्र्यांचे मालक अशा सगळ्यांनाच तिथे वंदन केले आहे. पुढे शिवाच्या वरातीत जो अस्ताव्यस्त मेळा दिसतो, त्याची तयारी इथेच झालेली आहे. त्र्यंबकेश्वरी रुद्राभिषेक करणारे हे सारे नमस्कार रोज म्हणतात.

अमरकोश या संस्कृत शब्दकोशाने यात थोडी शिस्त आणली. त्यात नऊ गणदेवता आहेत: आदित्य, विश्वेदेव, वसू, तुषित, आभास्वर, अनिल, महाराजिक, साध्य आणि रुद्र. यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, भूत वगैरेंना तो ‘देवयोनी’ म्हणून वेगळे काढतो, तर शिवाच्या पार्षदांना ‘प्रमथ’ म्हणतो. म्हणजे भूत आणि पिशाच या देवयोनीतल्या जाती झाल्या, आणि प्रमथ ही शिवाच्या पदरी असलेली मंडळी. लोकव्यवहारात ही सरमिसळ कायम होते आणि पुराणकारही ती फारशी मनावर घेत नाहीत.

गणांचा पराक्रम पाहायचा तर दक्षयज्ञाची कथा वाचावी. भागवताच्या चौथ्या स्कंधात शिव जागचा हलत नाही. जटेतून वीरभद्र निर्माण होतो आणि गणांसह यज्ञमंडपात शिरतो. तिथे प्रत्येकाने आपला माणूस वाटून घेतला आहे: मणिमानाने भृगूला बांधले, चंडीशाने पूषाला, नंदीश्वराने भगाला धरले आणि खुद्द दक्ष वीरभद्राच्या वाट्याला आला. महाभारताच्या सौप्तिकपर्वातले गण याहून भयंकर आहेत. रात्रीच्या कत्तलीला निघालेल्या अश्वत्थाम्यापुढे कुत्री, डुकरे, उंट यांच्या तोंडांचे गण प्रकट होतात. तो स्वतःचीच आहुती देतो आणि शिव त्याला खड्ग देऊन त्याच्या देहात शिरतो. पांडवांच्या शिबिरात त्या रात्री जे घडले, ते त्यानंतरचे.

शिवपुराणातली गणेशजन्माची कथाही गणांच्या मालकीवरूनच सुरू होते. जया आणि विजया या पार्वतीच्या सख्या. त्या तिला म्हणतात, नंदी-भृंगी आदी सगळे गण शिवाचे, आपला म्हणावा असा एकही नाही. मग पार्वती अंगाच्या मळापासून मुलगा घडवते आणि दारावर बसवते. आज्ञा कोणाची पाळायची, एवढ्यावरून पुढचे सारे रामायण घडते आणि शेवटी तोच मुलगा सर्व गणांचा नायक ठरतो.

याच जयेचा गोदावरीशी संबंध आहे. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यानुसार शिवाच्या जटेतली गंगा ही पार्वतीची सवत. तिला खाली उतरवण्याचा बेत गणेश रचतो, आणि जया गाय होऊन गौतमाच्या भातात शिरते. ऋषीने नुसती काडी उगारली आणि गाय कोसळली. गोहत्येच्या प्रायश्चित्तासाठी गौतमाने शिवाला प्रसन्न करून ब्रह्मगिरीवर गंगा आणली. शिवपुराणात गणेश स्वतःच गाय होतो. त्र्यंबकला बहुतेकजण सांगतात ती ‘मायावी गाय’. मला ब्रह्मपुराणाचा पाठ अधिक पटतो. नदी आणण्याइतके मोठे कारस्थान, आणि त्यातली जोखमीची भूमिका एका सखीकडे!

पंचवटीत रामकुंडाजवळ उंचावर कपालेश्वराचे देऊळ आहे. शिवापुढे नंदी नसलेले देऊळ म्हणून ते ओळखले जाते. स्थानिक कथा अशी: ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक तोडल्याने शिवाला ब्रह्महत्येचे पातक लागले. सोमेश्वरी एका ब्राह्मणाच्या गोठ्यातले वासरू आईला सांगत होते, की वेसण घालायला आलेल्या मालकाला मी मारीन आणि पापातून सुटायचा उपायही मला ठाऊक आहे. झालेही तसेच. हत्येने काळे पडलेले वासरू गोदावरीत बुडी मारताच पुन्हा पांढरे झाले. मागोमाग आलेल्या शिवाने तसेच स्नान केले. ते वासरू म्हणजे नंदी. ज्याने वाट दाखवली तो गुरू, मग त्याला समोर कसा बसवायचा?

वैष्णव पार्षदांचे वळण वेगळे: नंद, सुनंद, विष्वक्सेन हे सगळे चतुर्भुज, धन्यासारखेच देखणे. सनकादिकांना दारात अडवल्याने शापित झालेले द्वारपाळ जय-विजय हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण आणि शिशुपाल-दंतवक्त्र म्हणून जन्मले. रामायणातला रावण याच नात्याने वैकुंठाचा द्वारपाळ ठरतो, हे पंचवटीत सांगितले की नवखा यात्रेकरू चमकतो.

शिल्पांत गण बहुधा बुटके, पोट सुटलेले आणि भार पेलणारे असतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्याला सहा धिप्पाड आकृतींनी खांद्यावर पेलले आहे. त्यांची शरीरे जमिनीत अर्धी गाडल्यासारखी दिसतात. लेणे बौद्ध भिक्षूंचे, सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या दानाचे, म्हणजे हे शिवगण नव्हेत. यक्ष-गणांची ही मूर्तिपरंपरा सर्व पंथांची सामाईक होती, एवढे त्यातून कळते. कथासरित्सागरात सातवाहनांच्या दरबारी असलेला बृहत्कथेचा कर्ता गुणाढ्य हा माल्यवान नावाचा शापित शिवगण होता. शिव-पार्वतीचे बोलणे चोरून ऐकणाऱ्या पुष्पदंताची बाजू घेतल्याची ती शिक्षा.

लोकदैवतांत हीच कल्पना खंडोबाभोवती वावरते. मार्तंडभैरवाबरोबर सात कोटी गण उतरले, असे मल्हारी माहात्म्य सांगते. मालेगावजवळचे चंदनपुरी हे खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई हिचे ठिकाण. धुलिवंदनाला जुन्या नाशकात वीरांची मिरवणूक निघते; देव्हाऱ्यातले वीरांचे टाक रामकुंडावर स्नानाला नेतात आणि बाशिंग बांधलेला, हळद लागलेला दाजिबा वीर गल्ल्यांतून फिरतो. हा वीर गण मानावा का? जन्माने नाही. तो अकाली गेलेला माणूस, पूजेमुळे राखणदार झालेला. ज्यांना असे स्थान मिळाले नाही ते प्रेत, आणि त्यांच्यासाठी त्र्यंबकेश्वरी त्रिपिंडी श्राद्ध करतात.