नव्या सर्व्हरला अजून व्हीजीए का असतो?

पतसंस्थेत किंवा कॉलेजात नवा सर्व्हर आला की मागचा, मॉनिटर जोडायचा निळा व्हीजीए पोर्ट बघून कुणीतरी म्हणतंच, अहो हा जुना माल गळ्यात मारला की काय. तर नाही, त्याला इतिहास आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीच्या मदरबोर्डवर बाहेरच्या बाजूला कीबोर्ड आणि कॅसेट एवढेच पोर्ट होते, बाकी सगळं म्हणजे डिस्प्ले, प्रिंटर, सिरियल, फ्लॉपीसुद्धा, कार्डावर, आणि स्लॉट फक्त ५, त्यामुळे कुठलं कार्ड बसवायचं याचीच मारामारी. १९८७ ला पीएस/२ मशीनं आली, त्यांच्यासोबत व्हीजीए आणि माऊस-कीबोर्डचे ते गोल पोर्ट आले. १९९५ ला इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्डच्या मांडणीचं मानक काढलं आणि मागच्या बाजूला पोर्टांची पट्टी कायमची झाली, पुढच्याच वर्षी यूएसबी.

घरच्या पीसीत मग साऊंड, एचडीएमआय वगैरे भर पडत गेली. सर्व्हरचं मात्र उलट, त्याच्यासमोर बसतंय कोण? तो बिघडला तरच माणूस जवळ जातो, आणि तेव्हा जे हमखास चालेल तेच हवं. सिरियल पोर्ट म्हणून टिकला, त्याचं आरएस-२३२ हे मानक १९६० चं आहे बघा, पण ड्रायव्हर-बिव्हर काही न लागता बूट होतानाचा मजकूर दाखवतो.

खरा बदल झाला १९९८ ला. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून आयपीएमआय आणलं, म्हणजे सर्व्हर लांबून सांभाळायचं मानक. बोर्डावरच एक वेगळी छोटी चिप, बीएमसी, मशीन बंद असलं तरी स्टँडबाय करंटवर जागी, गावच्या राखणदारासारखी. तापमान बघते, पंखे बघते, लांबून मशीन चालू-बंद करते. २००४ च्या २.० आवृत्तीत सिरियल कन्सोल, म्हणजे ती मजकुराची स्क्रीनसुद्धा नेटवर्कवरून मिळायला लागला. आता आपला व्हीजीए, तो बहुतेक बोर्डांवर या बीएमसीच्याच साध्या ग्राफिक्समधून निघतो, आणि तीच स्क्रीन ती चिप लांबून पण दाखवते. गेम खेळायचा नाहीये, तेवढं पुरतं.

आपल्याकडे याची किंमत पावसात कळते. लाईट जाऊन येते, सर्व्हर पडलेला, परशुराम घाटात दरड, मग खेडमधला माणूस चिपळूणला जाणार कसा? बीएमसीचा वेगळा लॅन पोर्ट जोडलेला असेल तर घरी बसून मशीन उठवता येतं. अर्थात निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) दापोलीकडे झालं तसं लाईट आणि नेट दोन्ही दिवसेंदिवस गायब असेल तर बीएमसी तरी काय करणार.

बरं, बरेच जण बीएमसीचा तो लॅन पोर्ट रिकामाच ठेवतात, आणि काही महाभाग थेट इंटरनेटला लावतात, जे त्याहून वाईट, कारण आयपीएमआयच्या लॉगिनमधल्या भोकांवर २०१३ पासून जाहीर बोंब आहे. वेगळ्या व्हीएलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा, बाहेरून व्हीपीएननेच (कुलूपबंद खासगी वाटेनेच) शिरा, कंपनीकडून आलेला पहिला पासवर्ड बदला. आणि जे पोर्ट वापरत नाही त्यांना रबरी टोपणं घाला, खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडायला फार वेळ लागत नाही.