मत्स्य तीव्र विषाक्तता चाचणी

एखादा रासायनिक पदार्थ पाण्यात मिसळल्यास माशांना अल्पावधीत कितपत घातक ठरतो, हे मोजणारी प्रयोगशालेय चाचणी. ज्या संहतीत (पाण्यातील पदार्थाच्या प्रमाणात) ९६ तासांत निम्मे मासे मरतात तिला मध्यक घातक संहती (एलसी ५०) म्हणतात. ती मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात. आकडा जितका लहान, तितका पदार्थ अधिक विषारी.

चाचणीचा उगम कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. पेनी व ॲडम्स यांच्या १८६३ च्या सुमाराच्या प्रयोगांना सामान्यतः आद्य मानतात. काही अभ्यासक वायगेल्ट व सहकाऱ्यांच्या १८८५ मधील जर्मन संशोधनाकडे बोट दाखवतात. तथापि ‘निम्मे प्राणी’ हा निकष ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये औषधांच्या प्रमाणनासाठी मांडला आणि ब्लिस यांच्या, मात्रा व मृत्यूचे प्रमाण यांचा संबंध मांडणाऱ्या प्रॉबिट पद्धतीने (१९३४-३५) त्याला संख्याशास्त्रीय बैठक मिळाली. आजच्या चाचणीची वंशावळ तेथून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. डाउडोरॉफ व सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये औद्योगिक सांडपाण्यासाठी एकसारखी कार्यपद्धती सुचवली.

सध्या ओईसीडीची (आर्थिक सहकार्य व विकास संघटना) मार्गदर्शिका क्र. २०३ (१९८१, सुधारणा १९९२, २०१९) प्रमाण मानली जाते. किमान पाच संहती, प्रत्येकीत किमान सात मासे आणि पदार्थविरहित नियंत्रण टाकी, अशी मांडणी असते. विद्राव्य ऑक्सिजन संपृक्ततेच्या ६० टक्क्यांखाली गेल्यास किंवा नियंत्रणातील १० टक्क्यांहून अधिक मासे मेल्यास चाचणी बाद ठरते. झेब्रा मासा, कार्प, गपी इ. जाती वापरतात. मरळ हवेतूनही श्वसन करत असल्याने तिच्यावरील निष्कर्ष इतर जातींना थेट लावता येत नाहीत.

एलसी ५० हा केवळ पदार्थाचा गुणधर्म नव्हे, पाण्याचाही आहे. नाशिक परिसरात हे विशेष महत्त्वाचे ठरते. द्राक्षबागांत डावणी या बुरशीजन्य रोगावर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील मोरचुदामुळे (तांब्याचे सल्फेट) आणि विद्युत्‌विलेपनाच्या कारखान्यांमुळे तांबे हा येथील विचारात घ्यावाच लागणारा धातू आहे. तांबे कल्ल्यांवर बसून सोडियमचे शोषण रोखते. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम त्याच जागांसाठी स्पर्धा करतात, त्यामुळे कठीण पाण्यात मासे अधिक तांबे सहन करतात. बेसाल्टी खडकातील विहिरींचे पाणी आणि पावसाळ्यात विरल झालेले गोदावरीचे पाणी यांत म्हणूनच एकच आकडा वापरणे सदोष ठरेल. कठीणपणा, सामू (पीएच) व तापमान यांची नोंद नसलेला एलसी ५० येथे अग्राह्य मानावा. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर (रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, २०२०) पाणथळीसाठी ही दक्षता अधिकच आवश्यक आहे.

सांडपाण्याकरिता भारतात निकष वेगळा आहे: विरल न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत. जिवंत माशांचा वापर घटवण्यासाठी झेब्रा माशाच्या भ्रूणांवरील चाचणी (ओईसीडी मार्गदर्शिका क्र. २३६) २०१३ मध्ये स्वीकारण्यात आली.