नेबुता आणि नेपुता: एक नाचायचा, एक थांबून पाहायचा

जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, आओमोरी प्रांतात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रात्री कागदाचे अवाढव्य दिवे रस्त्यांवरून फिरवले जातात. आओमोरी शहरात ते नेबुता, ट्रेनने पाऊण तासावरच्या हिरोसाकीत नेपुता. नावं इतकी सारखी की अनेक प्रवासी एक पाहून दुसरा गाळतात. तसं करू नका.

मूळ बहुधा एकच: उन्हाळ्यातली सुस्ती दिव्यांसोबत पाण्यात सोडून द्यायची जुनी चाल. 1980 मध्ये दोन्ही उत्सवांना राष्ट्रीय लोकवारशाचा दर्जाही एकत्रच मिळाला. पण प्रत्यक्ष रस्त्यावर उभं राहिलं की फरक लगेच कळतो.

आओमोरीचा नेबुता म्हणजे तारेच्या सांगाड्यावर कागद चिकटवून घडवलेले योद्धे नि राक्षस. रुंदी 9 मीटरपर्यंत, उंची 5 मीटर, वजन सुमारे 4 टन. ढकलणारी माणसं तो गर्रकन गर्दीकडे वळवतात तेव्हा पुढच्या रांगेतले लोक नकळत मागे सरतात. भोवती ‘रास्सेरा, रास्सेरा’ म्हणत उड्या मारणारे हानेतो. ठरलेला पोशाख घातला की परदेशी पाहुण्यालाही त्यांच्यात नाचता येतं आणि तो पोशाख गावात भाड्याने मिळतो. नाचताना कपड्यांवरच्या घुंगरांतला एखादा रस्त्यावर पडतो. ज्याला सापडेल त्याचं नशीब उघडतं म्हणतात.

हिरोसाकीत उडी नाही, चाल आहे. मोठ्या ढोलांचा संथ ठेका, ‘याऽयादो’ची आरोळी, दोर ओढणारी मुलं आणि मागून उघडलेल्या पंख्याच्या आकाराचा दिवा. पुढच्या बाजूला लढाईत गुंतलेले वीर, लाल-काळ्या रंगांत, डोळे वटारलेले. पंख्याच्या खालच्या भागात बोटानची, म्हणजे पिओनीची फुलं, कारण इथल्या त्सुगारू सरदार घराण्याच्या चिन्हात ती आहेत. रंगांच्या सीमारेषांवर वितळलेलं मेण फिरवलेलं असतं. त्याने रंग एकमेकांत पसरत नाहीत आणि तिथून उजेड जास्त झिरपतो.

पण खरी गोष्ट पाठीमागे असते. बहुतेक प्रेक्षक वीर दिसले की फोटो काढून पुढच्या नेपुताकडे वळतात. थांबा. दिवा पुढे सरकला की पाठीवर एकट्या स्त्रीचं शांत, उदास चित्र दिसतं. या चित्राला मिओकुरी, म्हणजे निरोप, म्हणतात. आओमोरीचा उत्सव विजयाने परतणाऱ्या सैन्याचा आणि हिरोसाकीचा लढाईला निघणाऱ्यांचा, अशी एक समजूत आहे. इतिहास म्हणून ती टिकेल असं नाही, पण मिओकुरी पाहताना ती पटते.

7 ऑगस्टला दोन्हीकडे मिरवणूक दिवसा निघते. रात्री आओमोरीत निवडक नेबुता बोटींवरून समुद्रात फिरतात, वर आतषबाजी. हिरोसाकीत इवाकी नदीकाठी नेपुता जाळून निरोप देतात.

एकच संध्याकाळ असेल आणि अंगात नाच असेल तर आओमोरी. माझी पसंती मात्र हिरोसाकीला.