मासळी बंद, आयोडीन सुरू

थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं ठरलं, की गोमंतकीय रुग्णाला पहिला धक्का बसतो तो ताटातला. एक-दोन आठवडे हुमण नाही, सुंगटं नाहीत, किसमूर नाही, आयोडीनयुक्त मीठसुद्धा नाही. शीत-कडीवर, म्हणजे भात आणि माशांच्या कालवणावर, वाढलेल्या माणसाला हे पथ्य औषधापेक्षा जड जातं. पण त्याला पर्याय नाही. थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात. साधं कोणतं, किरणोत्सारी कोणतं, हे त्यांना कळत नाही. मासळीतून भरपूर मिळालेलं असेल, तर औषधाला जागाच उरत नाही.

या किरणोत्सारी आयोडीनमधून, म्हणजे आयोडीन-१३१ मधून, सुटणारे बीटा कण शरीरात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात. ज्या पेशीने आयोडीन घेतलं ती मरते, फार तर तिच्या शेजारच्या. सोबतचे गॅमा किरण मात्र शरीराबाहेर पडतात. त्यामुळे औषध कुठे पोचलं ते कॅमेऱ्याला दिसतं, आणि त्यामुळेच रुग्णाला काही दिवस पोराबाळांपासून लांब राहावं लागतं. हा उपाय जुना आहे. बोस्टनच्या डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये तो प्रथम वापरला. तेव्हाचा आजार कर्करोग नव्हता, थायरॉइडचा अतिस्राव होता.

आयोडीन-१३१ आठ दिवसांनी निम्मं होतं. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार झालं, तरी गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास त्याला सहज झेपतो. कर्करोग शोधणाऱ्या पेट (PET) स्कॅनच्या फ्लोरिन-१८ चं तसं नाही. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी खातात, म्हणून साखरेसारख्या रेणूला हे फ्लोरिन जोडून टोचतात. पण ते दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईहून गाडीने अकरा तास धरले, तर पणजीत पोचेल चौसष्टावा हिस्सा! विमान किंवा जवळचा सायक्लोट्रॉन, म्हणजे असे किरणोत्सारी अणू तयार करणारं यंत्र, एवढेच मार्ग.

हाडांच्या स्कॅनसारख्या तपासण्यांना लागणाऱ्या टेक्नेशियम-९९एम ची सोय मला सगळ्यांत हुशारीची वाटते. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं होण्याचा काळ, सहाच तासांचं, म्हणून ते दुरून आणतच नाहीत. आणतात त्याचं जनक मूलद्रव्य, ६६ तास अर्धायुष्याचं मॉलिब्डेनम-९९, शिशाच्या आवरणातल्या नळीत बसवलेलं. रोज सकाळी तीतून सलाईन सोडलं की टेक्नेशियम तेवढं धुऊन बाहेर येतं. गाय दोहावी तसं. दुसऱ्या दिवशी कास पुन्हा भरलेली. आठवडाभर हे चालतं. हाडांच्या स्कॅनसाठी टोचलेलं टेक्नेशियम चोवीस तासांत सोळाव्या हिश्शावर येतं. लघवीवाटे गेलेलं वेगळंच.