पेट्रोलातला ऊस: मिरज, मनमाड आणि आपण

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे ऊस-धान्यापासून काढलेलं अल्कोहोल, असतं. ही मिसळ आधी करून पाहिली ती 2001 साली, तीन ठिकाणी: एक उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आणि दोन आपल्याकडे, मनमाड आणि मिरज. मिरजेचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

कल्पना मात्र जुनी. पेट्रोलात अल्कोहोल मिसळण्यासाठीचा पॉवर अल्कोहोल कायदा 1948 चाच. तेव्हा मोटारी थोड्या आणि तेल स्वस्त, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. 1973 च्या तेलसंकटाने हादरलेल्या ब्राझीलने 1975 पासून उसावर गाड्या चालवायला घेतल्या. आपल्याकडे 5 टक्के मिश्रण सुरू व्हायला 2003 उजाडलं.

त्याच सुमारास डिझेलसाठी मोगली एरंडाचा, म्हणजे जट्रोफाच्या बियांच्या तेलाचा, गाजावाजा झाला. पडीक जमीन चालते, पाणी लागत नाही. ऐकायला अगदी मराठवाड्यासाठीच केलेलं पीक. बांधावर ते आधीही होतंच, पण कुंपण म्हणून, कारण त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. कमी पाण्यात हे झाड जगतं, पण बी भरपूर हवं तर पाणी आणि खत द्यावंच लागतं. आणि पाणी असलंच तर माणूस हरभऱ्याला देईल, एरंडाला कशाला?

गोड ज्वारीत जास्त दम होता, असं मला आजही वाटतं. कणीस घरात, धांड्याचा रस इथेनॉलला. नांदेड जिल्ह्यात मुदखेडला टाटा केमिकल्सने तसा प्रकल्प उभारलाही. अडचण रसाची. धांडा कापला की साखर उतरू लागते, एक-दोन दिवसांत गाळप व्हायला हवं, आणि हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. बाकीचे महिने यंत्रं बसून. गोड ज्वारी काही रुळली नाही.

उसाला यातलं काहीच नव्यानं उभं करायचं नव्हतं. कारखाने, तोडणीच्या टोळ्या, उचल, सगळं तयार. 2018 च्या धोरणाने थेट रसापासून आणि बी-हेवी मळीपासून (जिच्यात अजून बरीच साखर उरलेली असते) इथेनॉल काढायला वाट दिली. टनभर उसाच्या रसातून साधारण 70 लिटर निघतं. पण 1000 मिलिमीटरपेक्षा कमी पावसाच्या भागात ऊस नको, असं राज्याच्या पाणी-सिंचनावरच्या चितळे आयोगाने 1999 मध्येच सांगून ठेवलं होतं, आणि मराठवाड्याचा बहुतेक भाग त्या रेषेच्या बराच खाली आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं. ती गाडी भरून निघायची ती मिरजेहून.

पावसाने पुन्हा ओढ दिली आणि साखर कमी पडेल अशी धास्ती वाटली, तेव्हा 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने रसाच्या इथेनॉलवर बंदी घातली. आठवड्याभरात ती सैल झाली, पण डिस्टिलऱ्यांचा मोर्चा मक्याकडे वळला. टनाला 380 लिटरच्या आसपास उतारा. सिल्लोड-कन्नडच्या मक्याला गिऱ्हाईक वाढलं. मक्यातून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनांचा चोथा, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यात सोयाबीन पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. पेंडीचा उठाव घटला. जागतिक बाजार पडलेला होताच. त्यात ही भर. 2024 च्या हंगामात लातूरच्या आडतीत क्विंटलला 4,892 रुपये हमीभावाचं सोयाबीन त्याच्या बरंच खाली जात होतं.